पावाचा डबा

वर्ना सिमकोने फलकाची काठी काखेत दाबली आणि समोरून गेलेल्या मालट्रकला हात केला. ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. शिवी होती की शाबासकी, हे काही भोंग्यावरून कळत नाही, म्हणून ती सगळ्यांनाच हात करायची. फलकावर यंदा लिहिलं होतं, ‘बक्षीस म्हणून बंदूक कशाला? सायकल द्या.’ रस्त्यापलीकडे अग्निशामक दलाचं लाल दार सताड उघडं होतं. बंब बाहेर काढून ठेवले होते आणि आत सोडतीसाठी खुर्च्या मांडणं चाललं होतं. पहिलं बक्षीस दरवर्षीप्रमाणे हरणाच्या शिकारीची रायफल.

मिलर्स फोर्कमध्ये आग विझवणारे सगळे गावचेच, बिनपगारी. बंबाचं डिझेल, पाण्याचे पाइप, सगळं या एका सोडतीवर चालतं, आणि बंदूक ठेवली नाही तर पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरात तिकिटं खपत नाहीत. हे वर्नाला पक्कं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि पटणं वेगळं.

दलाचा प्रमुख ड्वेन कॉफीचा पेला घेऊन रस्ता ओलांडून आला.

"वर्नाबाई, निषेध अजून किती वेळ?"

"का रे?"

"कणीक भिजवून ठेवलीय, पण लाटायला कुणी धजत नाही. मागे तुम्ही आजारी होतात तेव्हा मी लाटल्या, तर सारण भरलेल्या सगळ्या पिरोगी उकळत्या पातेल्यात फुटल्या. लोक अजून ऐकवतात मला."

"माझं नाव काढलंस त्या पिंपातून?"

"काढतो."

स्वयंपाकघरात राबणाऱ्या प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी सोडतीच्या पिंपात फुकट टाकायची, ही दलाची जुनी रीत. माझी चिठ्ठी काढून टाक, असं वर्ना दरवर्षी बजावायची, आणि ड्वेन दरवर्षी काढतो म्हणायचा. तिने कॉफी संपवली, फलक गाडीत टाकला आणि ॲप्रन बांधला. निषेध आपल्या जागी, पिरोगी आपल्या जागी.

दुपारी वाढपाच्या खिडकीपाशी रांग लागली. रांगेत तिचा धाकटा भाऊ लेस्टर होता. शर्टाच्या खिशातून सोडतीच्या तिकिटांचा गठ्ठा डोकावत होता. जन्मभर तिकिटं घेऊन त्याला आजवर खारवलेल्या डुकराच्या मांडीचा एक हॅम तेवढा लागला होता.

"काय गं वर्ने, किती बंदुका थांबवल्यास आज?"

"तुझ्या तोंडाचा पट्टा थांबला असता तरी पुष्कळ होतं."

"आमच्या टोकाला पोलीस पोचायला पाऊण तास लागतो. तोवर चोराला काय तुझा फलक दाखवू?"

"फलक कशाला? तोंड दाखव. तेवढ्याने पळेल."

आतल्या बायका हसल्या. लेस्टरही हसला. वर्नाने त्याच्या ताटात बटाट्याच्या पिरोगी घातल्या, वर लोण्यात परतलेला कांदा जरा जास्तच घातला. तो ताट घेऊन तिथेच घुटमळला.

"टेसी येणार आहे?"

"आईबरोबर येईल, सोडतीच्या वेळी. काल पुढचा दात पडलाय तिचा."

"वरचा?"

"वरचा."

मागचे लोक खोळंबले होते, तरी तो क्षणभर उभा राहिला. मग पुढे सरकला.

चार वर्षांपूर्वी वर्नाची नात टेसी तीन वर्षांची होती. लेस्टरच्या स्वयंपाकघरात पावाच्या डब्यात तिच्यासाठी नेहमी मनुकांचे बन असायचे. त्या दिवशी नातीने डब्यात हात घातला आणि दोन्ही हातांनी पिस्तूल धरून ती वर्नासमोर येऊन उभी राहिली. "आजी, हे उघडून दे," म्हणाली. वर्नाने ते कसं काढून घेतलं, तिचं तिला आठवत नव्हतं. वरच्या वाटेला कुणाचं तरी घर फोडलं होतं, म्हणून लेस्टरने ते हाताशी ठेवलेलं. "चाप घट्ट आहे गं, तिच्याने ओढलाच गेला नसता," एवढंच तो बोलला. वर्नाने पोरीला उचललं, गाडीत घातलं आणि निघाली. तेव्हापासून त्या घराची पायरी वर्नाकडचं कुणी चढलं नव्हतं. पुढच्याच हिवाळ्यात लेस्टरची बायको आर्लीन गेली. भावंडं चर्चमध्ये भेटत, दलात भेटत, एकमेकांची यथेच्छ टर उडवत. डब्याचा विषय मात्र दोघांपैकी एकानेही काढला नाही. रात्री डोळ्यांपुढे ते इवलेसे हात आले की वर्ना उठून बसायची, आणि सकाळी भावाच्या एकट्या ताटाची आठवण येऊन तिला रडू यायचं.

तीन वाजता ड्वेनने पिंप फिरवलं, हात घातला, चिठ्ठी उलगडली आणि कान खाजवला.

"वर्ना सिमको."

सगळा हॉल असा हसत सुटला की खिडक्या थरथरल्या. वर्ना पिठाचे हात घेऊन बाहेर आली. रायफलशेजारी बंदुकांचा दुकानदार बसला होता.

"न्यायची असेल तर आधी तुमची सरकारी तपासणी करावी लागेल, बाई. कधी काही गुन्हा वगैरे?"

"अजून नाही. पण आज ड्वेनचा गळा दाबायचा विचार आहे."

आता ही भाषण ठोकणार, म्हणून लोक सरसावून बसले. लेस्टर जमिनीकडे बघत होता. वर्नाने मात्र बक्षिसांच्या टेबलावरून नजर फिरवली. हॅम होते, लाकूड कापायची करवत होती, आणि टेबलाच्या कडेला छातीइतकं उंच, करड्या पोलादाचं एक कपाट उभं होतं.

"लागलेलं बक्षीस नको असेल तर दुसरं घेता येतं ना?"

"येतं की."

"मग ते."

"वर्नाबाई, ते बंदुका ठेवायचं कपाट आहे. तुमच्याकडे बंदूक कुठेय?"

"मला डोळे आहेत, ड्वेन."

रायफलची चिठ्ठी पुन्हा काढली, ती पाद्रीबाबांना लागली. लेस्टरचं नशीब तिथेही झोपलेलंच.

चार गड्यांनी कपाट पिकअपवर चढवलं. पुढे पिकअप, मागे वर्नाची गाडी. टेसी हट्ट करून तिच्या शेजारी बसली होती. लेस्टर आधीच घरी पोचला होता आणि हाताची घडी घालून दारात उभा होता. वर्ना उतरली. "तू गाडीतच बस," तिने नातीला बजावलं.

"हे काय?" लेस्टर म्हणाला.

"माझं बक्षीस. माझ्या घरात जागा नाही. तुझ्याकडे ठेवतेय."

"मला कुणी विचारलं?"

"नाही विचारलं. आता ऐक. बंदुका फेकून दे म्हणत नाही मी. ते मी रस्त्यावर म्हणते, तुझ्या दारात नाही. पण ते पिस्तूल आधी या कपाटात जाईल, मग पोर घरात येईल. मला माझा भाऊ परत हवाय, लेस्टर. कंटाळले मी."

लेस्टर दारातून बाजूला झाला.

ती सरळ स्वयंपाकघरात गेली. आर्लीनने कोंबडे रंगवलेला तो डबा ओट्यावर होता तिथेच होता. वर्नाने झाकण उचललं. आत कागदात गुंडाळलेले मनुकांचे बन होते. तिने बोटाने दाबून पाहिलं. मऊ, आजचेच.

"पिस्तूल कुठेय?"

"तळघरात, लोखंडी पेटीत. कुलूप आहे. त्याच दिवशी नेलं."

"त्याच दिवशी?"

"तू गाडी चालू करत होतीस तेव्हा."

"आणि चार वर्षं मूग गिळून बसलास?"

"तू फलक घेऊन रस्त्यावर उभी. अख्खं गाव बघतंय. त्यात मी येऊन सांगू, की बाई, तुझं बरोबर होतं?"

"हो. सांगायचं."

"मग तू विचारायचंस."

वर्नाला त्याच्या एक मुस्कटात द्यावीशी वाटली आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्हींपैकी काहीच न करता ती ॲप्रनने डोळे पुसत राहिली.

"आणि हे बन? तू तर मनुकेला हात लावत नाहीस."

"शनिवारी ताजे मिळतात," लेस्टर खिडकीबाहेर बघत म्हणाला. "उरतात ते कोंबड्यांना घालतो."

"दर शनिवारी?"

"कोंबड्या खातात."

बाहेरून गड्यांची हाक आली. "अहो, कपाट आत घ्यायचं की परत न्यायचं? पाठी मोडल्या इथे."

"आत घ्या," लेस्टर ओरडला. "हिचं बक्षीस आहे, जपून." आणि मग दोघं भावंडं एकदम हसायला लागली, लहानपणी चर्चमध्ये हसायची तशी, थांबता थांबेनात.

वर्नाने खिडकी वर सरकवली.

"टेसी, ये आत. पाय पुसून ये."

टेसी धावत आली, लेस्टरच्या कमरेला मिठी मारली, त्याला दाताची खिंड दाखवली आणि ओट्याशी गेली. डब्याच्या झाकणाला हात लावून थांबली. तिने आजीकडे पाहिलं. लेस्टरनेही पाहिलं, अगदी तसंच.

"उघड," वर्ना म्हणाली.