कोरड्या नळाशेजारची सायकल

मी सायकल आहे, पण मी कुठे जात नाही. पायडल मारलं की माझं चाक जागच्या जागी फिरतं, साखळी पंप चालवते आणि झिऱ्याचं, म्हणजे ओढ्यात खणलेल्या खड्ड्याचं, गढूळ पाणी वाळू, कोळसा नि बारीक जाळीच्या नळीतून गाळलं जाऊन हंड्यात पडतं. मला वीज लागत नाही. पाय लागतात.

शहाद्याच्या भटू वेल्डरने मला भंगारातून उभं केलं. टेम्पोत चढवताना सीटवर थाप मारून तो म्हणाला, "जाय आते. तठे तुन्ही वाट देखी ऱ्हायनात."

धडगावपर्यंत टेम्पो, पुढे जीप, आणि जीपचा रस्ता संपल्यावर माणसांचे खांदे. अशी मी पाड्यावर पोहोचले. इथे घरोघरी पावरी बोलतात. ती मला हळूहळू कळू लागली. तुम्हाला मराठीत सांगते.

वाट मात्र कुणीच बघत नव्हतं. म्हातारा वाहरू, ज्याचा शब्द पाड्यावर चालतो, माझ्याकडे संशयाने बघत होता. तेवढ्यात सुगंधाबाई लुगडं खोचून सीटवर चढली. आदल्या पावसाळ्यात तिची लेक जुलाबाने गेली होती. दवाखाना गाठायच्या आतच, झोळीत.

"बाईमाणसाने सायकलवर बसायचं?" वाहरू म्हणाला.

"पोरीला घेऊन डोंगर उतरले, तेव्हा हे पाय कुणाला खुपले नाहीत," ती म्हणाली. "आता का खुपतात?"

वाहरू बाजूला सरकला. बायांच्या पाळ्या लागल्या. माणसं गप्पा मारत पायडल मारतात तेव्हा हंडा लवकर भरतो, आणि घरात भांडण झालेलं असेल तर त्याहून लवकर, हे मी तेव्हा शिकले. पुढच्या पावसाळ्यात पाड्यावरून एकही झोळी खाली गेली नाही.

मग नळ आले. माझ्या शेजारीच एक खांब उभा राहिला, त्याला चकचकीत तोटी. फोटो काढले त्या दिवशी पाणी आलं. त्यानंतर नाही. पण काम पूर्ण झाल्याचा फलक लागला, आणि ते तपासायला साहेब येणार अशी बातमी आली.

सुगंधाबाईचा दीर जालमसिंग ठेकेदाराकडे मुकादम होता. आदल्या संध्याकाळी तो आला. "वहिनी, सायकल उद्यापुरती माझ्या घरात ठेवू. साहेबाला दिसली तर माझं काम जाईल."

"आणि पाणी?"

"एक दिवस झिऱ्याचं प्या."

"ते पिऊनच गेली ती," सुगंधाबाई म्हणाली.

जालमसिंगने मान खाली घातली. पण जाताना माझी साखळी काढून घेऊन गेला.

सकाळी साहेब आले तेव्हा पायडल फिरत होतं, पंप हलत नव्हता. मला वाटलं, संपलं. सुगंधाबाई खाली उतरली. तिने पंपाची चकती, जिच्या दात्यांवर साखळी बसते ती, दोन्ही हातांनी धरली आणि फिरवू लागली. ती दमली की दुसरी, मग तिसरी. करंगळीएवढी धार पडू लागली.

साहेबांनी विचारलं, "शेजारी नळ असताना हे कशाला?"

"तुम्हीच सोडून बघा," ती म्हणाली. हात थांबले नाहीत.

साहेबांनी तोटी फिरवली. आतून नुसती हवा फुसफुसली. ठेकेदाराचा माणूस लगबगीने म्हणाला, "आजच बिघाड झालाय साहेब. खरं की नाही, जालमसिंग?"

जालमसिंगने वहिनीच्या हातांकडे पाहिलं. चकतीच्या कडेने तळवे सोलवटले होते. "पहिल्या दिवसानंतर पाणी आलंच नाही," तो म्हणाला. खिशातून साखळी काढून तो माझ्यापाशी गुडघ्यावर बसला.

काम अपुरं असल्याचं साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. जालमसिंगची मुकादमी गेली. आता तोही पाळी लावतो, बायांच्या रांगेत, आणि कुणी हसलं तर हसू देतो.

नळ अजून कोरडाच आहे. माझी सीट फाटली, पायडल झिजलं, जाळी वरचेवर धुवावी लागते. मला बघायला पाहुणे येतात, कौतुक करतात, फोटो काढतात. त्यांना माझं एकच सांगणं आहे. कौतुक नको. बायांच्या पायांवर पाणी चालतं ही मिरवायची गोष्ट नव्हे. या तोटीतून रोज स्वच्छ पाणी आणा, मी त्याच दिवशी आनंदाने भंगारात जाईन. पण त्याआधी मला इथून कुणी हलवायला आलं, तर त्याला आधी सुगंधाबाईला सीटवरून उतरवावं लागेल.