मावशीच्या खोलीतली शांतता

"मावशी, रागावू नका, पण जरा बाहेर थांबता का? तुमचा श्वास रेकॉर्ड होतोय."

फिल्मसाठीची मुलाखत नुकतीच संपली होती. ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाईने हेडफोन कानावरून सरकवत हे म्हटलं आणि मावशी खो-खो हसली. "कमाल आहे बाई तुझी! माझ्याच घरातून मलाच हाकलतेस होय?"

हसता हसता तिला ठसका लागला. कारखान्याच्या धुराविरुद्ध अख्खी वस्ती उभी करणाऱ्या या बाईच्या छातीत तोच धूर भरला होता. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजे. भिंतीचा आधार घेत ती बाहेर गेली.

ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाईला युनिटमध्ये सगळे गपताई म्हणत. प्रत्येक मुलाखतीनंतर ती सगळ्यांना गप करून त्या खोलीची मिनिटभर शांतता टिपून घेई. बोलणं कापल्यावर फिल्ममध्ये ज्या फटी राहतात, त्या या शांततेने बुजवायच्या असतात. चळवळींच्या फिल्म करण्यात तिची तीस वर्षं गेली, पण तिच्या शांततेत कधी कपड्याची सळसळसुद्धा आली नव्हती.

आठ महिन्यांनी मावशी गेली. पुढच्याच महिन्यात कारखान्याला टाळं लागलं. दिग्दर्शकाला शेवटच्या दृश्यासाठी तिची रिकामी खोली हवी होती, म्हणून युनिट पुन्हा वस्तीत आलं. मावशीच्या जावेने कुलूप काढून दिलं. शूटिंग उरकल्यावर गपताईने सगळ्यांना बाहेर काढलं, दार लोटलं आणि यंत्र सुरू केलं.

भर दुपार होती. थोड्याच वेळात तिच्या कानात बारीक शिट्टी वाजली. आत, बाहेर. आत, बाहेर.

आपलाच श्वास असेल, म्हणून तिने तो रोखून धरला. शिट्टी चालूच. खिडकी बंद, पंखा बंद. तिने माइक पलंगाकडे वळवला. आवाज दूर गेला. दाराकडे वळवला; अगदी जवळ आला. जणू कुणी बाहेर जायला निघालं होतं आणि उंबऱ्याशीच थांबलं होतं.

तिने दार उघडलं. बाहेर जाऊबाई एकटीच उभी होती. गपताईने हेडफोन तिच्या कानांना लावला.

जाऊबाईने डोळे मिटले. "दम लागलाय तिला," ती हळूच म्हणाली. "जिना चढली की असाच लागायचा."

गपताईला मावशीची माफी मागायची होती. ती उंबऱ्यातून बाजूला सरली.

"ताई, श्वास आलाय तुमचा," पुढे संकलनाच्या खोलीत ती शांतता ऐकून संकलक म्हणाला. "तुमच्याकडून असं कसं झालं? साफ करून टाकतो, दोन मिनिटांचं काम."

"नको."

"अहो, पण चूक आहे ही!"

माझा नाही तो, हे शब्द तिच्या ओठांवर आले. तिने ते गिळले. "माझीच चूक. वय झालं आता. कुणी विचारलं तर खुशाल माझं नाव सांग. पण तो राहू दे."

बातमी पसरायला वेळ लागला नाही. गपताईचे कान गेले, असं लोक बोलू लागले. पुढच्या दोन फिल्मसाठी दुसऱ्याच कुणाला बोलावलं गेलं.

वस्तीच्या सभागृहात फिल्म दाखवली, तेव्हा ती मागे भिंतीला टेकून उभी होती. पडद्यावर रिकामी खोली आली. शिट्टी वाजू लागली. कुणी दचकलं नाही, कुणी मागे वळून पाहिलं नाही. पहिल्या रांगेतली जाऊबाई बाकावर थोडी सरकली, कडेला एका माणसापुरती जागा केली आणि पुन्हा पडद्याकडे पाहू लागली.