बोटं पुसणारी गाळणी

ताई जन्मापासून बहिरी. त्यामुळे धाकटी तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलायला शिकली. आईवडिलांच्या खुणा कामापुरत्या. भांडणं, चहाड्या, टिंगल हे सगळं बहिणी-बहिणींतच चालायचं. पुढे धाकटी शिकली, व्हिडिओ लहान करून पाठवण्याच्या संशोधनात शिरली आणि दुसऱ्या शहरात गेली. ताई लग्नानंतरही शिवणकाम करत राहिली. संध्याकाळी फोनच्या पडद्यावर दोघींच्या गप्पा रंगायच्या.

प्रयोगशाळेत धाकटीकडे गाळणीचं, म्हणजे व्हिडिओतला कचरा काढणाऱ्या प्रोग्रामचं काम होतं. कमी उजेडात चित्रावर बारीक दाणे नाचतात, आणि ते सतत बदलत असल्याने व्हिडिओ काही केल्या लहान होत नाही. तिची गाळणी लागोपाठची चित्रं ताडून बघायची. टिकून राहतं ते खरं, क्षणभर दिसून जातं तो कचरा. कचरा काढला की व्हिडिओ निम्म्या जागेत मावायचा आणि चेहरे लख्ख दिसायचे. विभागप्रमुख जाम खूश होते.

एकदा चाचणीसाठी तिने ताईचाच एक व्हिडिओ लावला. मंद दिव्याखाली ताईची बोटं भरभर चालत होती, या क्षणी इथे तर पुढच्या क्षणी तिथे. गाळणीने ती कचरा समजून काढून टाकली होती. चेहरा स्वच्छ, आणि मनगटापुढे नुसता पिठाचा गोळा.

मग तिने खपून हात ओळखायची आणि तेवढ्या भागात गाळणी थांबवायची सोय केली. व्हिडिओ थोडा जड झाला. आकडे पाहून प्रमुखांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"हे काढून टाक."

"सर, मग हातांनी बोलणाऱ्यांनी काय करायचं?"

"असे असतात किती? चाचणीत एवढ्या प्रेक्षकांना दाखवलं, कोणी तक्रार केली का?"

"त्यांच्यात बहिरं कोणीच नव्हतं, सर."

"तुझ्या बहिणीपायी जगाचा डेटा वाया घालवू का मी? पुढच्या आवृत्तीत बघू."

ती वरच्यांकडे गेली. वरच्यांनी प्रमुखांकडे बोट दाखवलं. थोड्याच दिवसांत तिला दुसऱ्या कामावर टाकलं आणि तिने केलेली सोय काढून गाळणी बाजारात गेली. ताईला ती यातलं काही बोलली नाही. आज ना उद्या यांना पटवू, मग कशाला तिच्या जिवाला घोर, असं तिने स्वतःला समजावलं.

ती गाळणी असलेले नवे फोन दोघींकडेही आले. ताई सारखी 'पुन्हा सांग, पुन्हा सांग' करू लागली. मग 'आज दमले' म्हणू लागली. मग तिचे फोनच बंद झाले. एक दिवस भावजींचा फोन आला.

"तुझ्या ताईने मशीन झाकून ठेवलंय. डोळे चाललेत म्हणते. डॉक्टर म्हणतात डोळे ठणठणीत आहेत, पण हिला पटत नाही. तुझा चेहरा स्पष्ट दिसतो, मग बोटंच का दिसत नाहीत, विचारते."

धाकटीने मिळेल ती बस पकडली. ताईला समोर बसवून तिने खुणांनी सगळं सांगितलं: तुझे डोळे शाबूत आहेत, दोष फोनमधल्या गाळणीचा आहे. ताईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग ती हसली, रडली, तिने धाकटीचे मुके घेतले.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुला हे कसं कळलं?"

"ती मीच बनवली."

"आणि बोटं दिसणार नाहीत हे कधी कळलं?"

"बाजारात जायच्या आधी."

मग तिने अगदी सावकाश खुणा केल्या, लहान मुलाला समजाव्यात अशा. "आंधळी होणार म्हणून मी रोज डोळे मिटून घरात चालायची सवय करत होते. दारं, ओटा, जिना, सगळं चाचपडत. तेव्हा एकच विचार यायचा, तू काय बोलतेस ते मला आता कसं कळणार?"

धाकटीने उत्तरासाठी हात उचलले, पण ताईने पाठ फिरवली. बहिऱ्या माणसाला मागून हाक मारता येत नाही. धाकटीने तिच्या खांद्याला हात लावला. ताईने तो शांतपणे बाजूला केला.

महिनाभरात धाकटीने नोकरी सोडली. त्याने कुणाचं काही अडलं नाही. गाळणी फोनाफोनांत चालूच राहिली. तिने येऊ का म्हणून विचारलं, तेव्हा भावजी ओशाळून म्हणाले, "इतक्यात नको. ती म्हणते, तुला बघितलं की डोळे दुखतात."