साडूची गाडी

“दिवा अजून लागलेलाच आहे का?” बॉनेटखालून लहानूनं विचारलं.

“लागलाच आहे भाऊ,” ज्ञानेश्वर स्टिअरिंगमागून म्हणाला. “पिवळा, इंजिनाच्या चित्राचा. चार दिवस झाले, विझूनच नाई राह्यला. सकाळी सुरू बी लवकर होत नाई. काळा धूर फेकते.”

अल्लीपूरच्या त्या एवढ्याशा अंगणात पांढरी गाडी उभी राहिली की घरच्यांना भिंतीला अंग घासत जावं लागे. ज्ञानेश्वर लहानूचा धाकटा साडू. समुद्रपुरात त्याचं किराणा दुकान होतं. उन्हाळ्यात त्यानं ही गाडी घेतली, जुनी पण चकचकीत, आणि त्या दिवसापासून लहानूच्या पोटात दुखायला लागलं. का नाही दुखणार? जाम गावच्या गॅरेजात लहानूनं अकरा वर्षं लोकांच्या गाड्यांखाली पाठ घासली. गॅरेज बंद पडल्यावर गावात शेतीचे पंप दुरुस्त करू लागला. स्वतःची म्हणून त्याची एक सायकल. आणि ज्याला इंजिनात तेल कुठून टाकतात हेही ठाऊक नाही, तो गाडीचा मालक! सासरी गेलं की सासरेबुवा आधी गाडीपाशी जात, मग जावयांकडे. त्यात घरात मनकर्णाचं रोजचं पालुपद: “ज्योत्स्नाच्या गाडीत गार हवा येते म्हंते. एक डाव मले पुढच्या शिटावर बसाचं आहे.” बायकोनं बहिणीचं कौतुक केलं तरी लहानूला तो आपलाच पाणउतारा वाटे.

पण दिव्याची भाषा त्याला येत होती. तारेचा एक तुकडा घेऊन त्यानं गाडीतल्या तपासणीच्या दोन पिना जोडल्या. पिवळा दिवा उघडझाप करू लागला. आधी एकदा, मग जरा थांबून चारदा. पुन्हा एकदा, पुन्हा चारदा.

“हे काय होऊन राह्यलं?” ज्ञानेश्वरनं घाबरून विचारलं.

“सांगून राह्यला तो, कुठं दुखते ते.”

एक आणि चार, म्हणजे इंजिनाची गरमी मोजणारा सेन्सर. लहानूनं त्याचा प्लग उपसला. आत ओल होती, आणि पिनांवर पिवळा-लाल गाळ बसला होता.

“इंजिन धुतलं का?”

“खांडेनवमीले. मोटारीचा पाइप लावून चांगलं धुतलं, मंग हळदीकुंकू वाह्यलं. यंत्राची पूजा नाई कराची का?”

चिंधीनं पुसून, वाळवून प्लग बसवायचा. पाच मिनिटांचं काम. लहानूनं चिंधी हातात घेतलीही होती. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या मनकर्णानं कप देता देता गाडीच्या काचेवरून हलकेच हात फिरवला, आणि लहानूची जीभ भलतीकडेच वळली.

“सेन्सर गेला. वायरिंग बी खराब झाली. आज हे, उद्या ते. इंजिन बसन एक दिवस.”

“मंग काय करू?”

“विकून टाका.”

ज्ञानेश्वरचा चेहरा खर्रकन उतरला. लहानूच्या पोटात कित्येक महिन्यांनी गार वाटलं. आता तो हुज्जत घालेल, नागपूरला दाखवतो म्हणेल, या तयारीनं लहानू उभा होता. पण ज्ञानेश्वर खाली मान घालून एवढंच म्हणाला, “तुमी म्हंता तं विकतो. बाहेरचे काई बी सांगतात. तुमी थोडीच खोटं सांगसान.”

लहानूनं प्लग होता तसाच परत खोचला.

दिवाळीला साडू आणि मेहुणी एसटीनं आले. “जामपासून उभ्यानंच आलो,” ज्योत्स्ना म्हणाली. त्या दिवशी लहानूनं दोन अनारसे जास्त खाल्ले. मनकर्णाचं पालुपद बंद झालं होतं. तिला आता गाडीबद्दल बोलायला काही उरलंच नव्हतं.

दिवाळीनंतर आठवड्याभरानं तीच पांढरी गाडी पुन्हा अंगणात येऊन थांबली. जामचा हॉटेलवाला हिरालाल खाली उतरला.

“ज्ञानेश्वररावांकडून घेतली,” तो म्हणाला. “त्यांनी दिवा लपवला नाई, आधीच सांगून टाकलं. आन म्हणाले, आमच्या लहानूभाऊबिगर कोणाले हात लावू देजो नको. विदर्भात असा हात नाई.”

लहानूनं बॉनेट उघडलं, प्लग उपसला, पिना घासल्या, पुसल्या, उन्हात वाळवल्या. दिव्याची जुनी नोंद पुसायला बॅटरीची तार काढून थोड्या वेळानं परत जोडली. हिरालालनं किल्ली फिरवली. दिवा लागला आणि विझला. इंजिन एका दमात सुरू झालं.

“बस? एवढंच? काय झालतं?”

“काई नाई. पाणी गेलतं प्लगमंधी, दसऱ्याच्या धुण्याचं.” लहानू सवयीनं बोलून गेला, आणि मग त्यानं दाराकडे पाहिलं.

मनकर्णा चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी होती. ती नवऱ्याकडे बघतच राहिली. शेवटी नजर लहानूनंच खाली केली.

हिरालाल खुशीत होता. “या वहिनी, बसा पुढच्या शिटावर. गावात एक चक्कर मारून आणतो.”

“नको जी,” मनकर्णा म्हणाली. “माह्या बहिणीची गाडी होती थे.”

तिनं पाहुण्याच्या हातात कप दिला. दुसरा लहानूच्या हातात न देता बॉनेटवर ठेवला आणि ती आत गेली.