डोळे मिटून केलेली भांडणं

नवराबायकोची भांडणं कुठल्या घरात होत नाहीत? पण कवळीवाल्याच्या घरातली भांडणं भारी सभ्य होती. तिथे कोणी आवाज चढवत नसे, भांडी आपटत नसे, एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करत नसे. जे काही व्हायचं ते संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत, हात जोडून, डोळे मिटून आणि परमेश्वराच्या साक्षीने होत असे.

मुलगी लहान असताना तिला वळण लागावं म्हणून ही जेवणाआधीची प्रार्थना सुरू झाली. मुलगी वळण घेऊन, लग्न करून दूर निघून गेली आणि प्रार्थना मागे राहिली. आता बैठकीच्या खोलीत दोन खुर्च्यांवर नवराबायको दोघंच बसत. आधी बाई बायबलमधला शास्त्रपाठ वाचत, मग एकाने प्रार्थना करायची, मग दुसऱ्याने. एकाची चालू असताना दुसऱ्याने डोळे उघडायचे नाहीत, मध्ये तोंड घालायचं नाही आणि शेवटी 'आमेन' म्हणून मान्यता द्यायची. आपलं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं जाईल अशी खात्रीची सोय त्या घरात दुसरीकडे कुठेच नव्हती. दोघांनाही ते फार लवकर उमगलं होतं.

"हे दयाळू पित्या," बाई म्हणत, "आजच्या दिवसाबद्दल तुझे उपकार मानतो. आणि ह्या घरातल्या एका माणसाला ओला टॉवेल पलंगावर न टाकण्याची सद्बुद्धी दे."

"आमेन," कवळीवाला म्हणे. मग तो घसा खाकरून सुरू करी. "प्रभू, आम्हांला धीर दे. ज्यांना पाहुण्यांसमोर नवऱ्याचं एक वाक्य पूर्ण होऊ देण्याचा धीर नाही, त्यांना जरा जास्तच दे."

"आमेन," बाई म्हणत, आणि दोघं उठून गुण्यागोविंदाने जेवायला बसत. देवाने आजवर कोणाचीच बाजू घेतली नव्हती, त्यामुळे दोघांचाही त्याच्यावर पूर्ण विश्वास होता.

बाई शाळेत भूगोल शिकवत. सगळा परिसर त्यांना बाईच म्हणे, आणि नवऱ्यालाही तीच सवय लागली होती. तो कवळ्या बनवायचा. दंतवैद्य तोंडाची मापं पाठवत आणि हा आपल्या दुकानाच्या मागच्या खोलीत मेण तापवून त्यात एकेक दात बसवत असे. चर्चमध्ये पहिल्या दोन बाकांवरची बहुतेक मंडळी त्याच्या हातचे दात लावून देवाची स्तुती करत. स्तुती अंतःकरणातून येत असेल कदाचित, पण उच्चार स्पष्ट येत होते ते त्याच्यामुळे, एवढा गर्व तो बाळगून होता. स्वतः मात्र तो मागच्या बाजूला पंख्याखाली बसे. पन्नाशी ओलांडल्यावर त्याची श्रद्धा त्याच्या केसांसारखी झाली होती, म्हणजे गेली म्हणावं तर होती आणि आहे म्हणावं तर दिसत नव्हती. लोकांच्या ते लक्षात येऊ नये म्हणून तो दर रविवारी वेळेवर हजर राहत असे.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण बाईंनी एकदा मर्यादा ओलांडली. चर्चच्या पाळकांच्या घरी प्रार्थनासभा होती. खोली गच्च भरलेली, खुर्च्या एकमेकींना चिकटलेल्या, आणि पाळकांचा संदेश भलता लांबलेला, इतका की कवळीवाल्याला मध्येच झोप लागली. संदेश संपल्यावर पाळकांनी बाईंना प्रार्थना करायला सांगितलं. बाईंनी आजाऱ्यांसाठी केली, परीक्षेला बसलेल्यांसाठी केली, आणि मग म्हणाल्या, "आणि प्रभू, तुझं वचन चालू असताना जे घोरतात, त्यांना क्षमा कर." सगळ्या खोलीने अगदी मनापासून आमेन म्हटलं. एका कोपऱ्यातून कोणाचं तरी हसू दाबल्याचा आवाज आला, आणि तो कोपरा कोणाचा हे कवळीवाल्याने बरोबर ओळखलं, कारण तिथले वरचे आणि खालचे सगळे दात त्यानेच बसवले होते.

घरातलं भांडण बाईंनी चव्हाट्यावर नेलं होतं. घरी येताच त्याने सांगून टाकलं, "देवाला मध्ये घालून टोमणे मारायचे असतील तर मी उद्यापासून प्रार्थनेला बसणार नाही."

बाई फक्त "बरं" म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या एका शब्दावर थांबल्या नव्हत्या. त्याने तेव्हाच सावध व्हायला हवं होतं, पण विजयाच्या आनंदात माणसाला दुसरं काही सुचत नाही.

दुसऱ्या दिवसापासून प्रार्थनेच्या वेळी तो टीव्हीसमोर बसू लागला. बाई आतल्या खोलीत दार लोटून एकट्या प्रार्थना करत. सुरुवातीला त्याला मोकळं मोकळं वाटलं. टॉवेल तो हक्काने पलंगावर टाकू लागला आणि बाई काही न बोलता तो उचलून वाळत घालू लागल्या. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं की घरात आता दूध, वीज आणि दाराची कडी ह्यांखेरीज विषयच उरलेला नाही. टीव्हीचा आवाज कमी करून तो आतलं काही ऐकू येतं का ते पाहू लागला. नुसती कुजबुज यायची. आपल्याविषयी काय तक्रार चालली आहे हे कळेनासं झालं की नवऱ्याला घास गोड लागत नाही, आणि त्याची अगदी तशीच गत झाली.

एकदा बाई दारात येऊन म्हणाल्या, "आज तरी बसा ना." त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. कसलासा खेळ चालला होता, कोण जिंकलं तेही त्याला कळलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वरच्या पट्टीतल्या मावशी दुकानात आल्या. गायनमंडळात सगळ्यांच्या एक पट्टी वर गातात म्हणून त्यांना हे नाव पडलं होतं, आणि सभेतला तो हसरा कोपरा त्यांचाच. खालची कवळी टोचत होती. कवळीवाल्याने ती घासली, गुळगुळीत केली, धुऊन त्यांच्या हातात दिली. त्याची एक पद्धत होती. नीट केलेले दात लावले की गिऱ्हाइकाने चार वाक्यं बोलून दाखवायची, म्हणजे कुठे अडकतं, कुठे शिट्टी वाजते ते कळतं. बहुतेक जण एखादं स्तोत्र म्हणून दाखवत. मावशींना एवढा दम कुठला. दात बसल्याबरोबर त्या म्हणाल्या, "भगिनी मंडळात आम्ही रोज प्रार्थना करतोय हो. बाईंना ती डोंगरापलीकडची शाळा मानवू दे, मुख्याध्यापिकेचं काम झेपू दे, आणि तुमचे इथे एकट्याचे हाल होऊ देऊ नकोस म्हणून."

दात उत्तम बसले होते. एकही अक्षर अडकलं नाही.

कवळीवाला 'हो हो' म्हणाला, जणू त्याला सगळं ठाऊक होतं. मावशींची पाठ वळल्यावर तो मागच्या खोलीत जाऊन बसला. आधी त्याला संताप आला. भगिनी मंडळाला माहीत, म्हणजे पाळकांना माहीत, म्हणजे चर्च झाडणाऱ्यालाही माहीत. साऱ्या मंडळीने देवापुढे त्याच्या हालांची चर्चा केली होती आणि ज्याचे हाल व्हायचे होते तो टीव्ही बघत होता. मेण तापून धुरावलं तेव्हा तो भानावर आला. बाईंनी त्याला सांगायचं तरी कुठे? ज्या खुर्चीवर बसून तो ऐकून घेत असे ती त्याने स्वतःच रिकामी केली होती. "आज तरी बसा ना" ह्याचा अर्थ त्याला आता कळला, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. लाजेपेक्षा भीती मोठी होती. बाई गेल्या तर त्या घरात तो आणि ओला टॉवेल, दोघंच राहणार होते.

संध्याकाळी त्याने टीव्ही लावला नाही. बाई शास्त्र घेऊन आतल्या खोलीकडे निघाल्या, तेव्हा तो आपल्या जुन्या खुर्चीवर हात जोडून बसलेला दिसला. त्या समोर बसल्या, पाठ वाचला आणि पुस्तक मिटलं.

"आधी मी करतो," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

टोमणा तयार होता, दुकानातून येतानाच त्याने तो घासूनपुसून ठेवला होता. प्रभू, ज्या बायका नवऱ्याआधी सबंध गावाला विश्वासात घेतात त्यांना, वगैरे. पण "प्रभू" म्हटल्यावर पुढचं येईना. त्याला पहिल्यांदाच वाटलं की खोलीत बाईंखेरीज आणखी कोणीतरी ऐकतंय, आणि त्याच्यासमोर नाटक करून उपयोग नाही.

"प्रभू," तो म्हणाला, "तिला मोठं काम मिळालंय आणि ते मला गिऱ्हाइकाकडून कळलं. चूक माझी आहे. मी तिचं ऐकून घ्यायचं सोडलं. तिला तिकडे जायचं असेल तर जाऊ दे, माझ्यासाठी अडवू नकोस. मला एकट्याला इथे करमणार नाही, ते तुला सांगतोय. तिला सांगत नाहीये."

तो थांबला. आता बाईंनी आमेन म्हणायचं होतं. त्या म्हणाल्या नाहीत. आजवर ह्या खोलीत वाटेल ते मागितलं गेलं होतं, पण आमेन कधी अडलं नव्हतं. शेवटी न राहवून त्याने नियम मोडला आणि डोळे उघडले. बाई त्याच्याकडेच बघत होत्या. डोळे भरलेले होते, पण मिटलेले मुळीच नव्हते. इतकी वर्षं त्या उघड्या डोळ्यांनीच ऐकत आल्या असाव्यात, असा त्याला दाट संशय आला.

"डोळे मिटा," बाई म्हणाल्या. "माझी प्रार्थना व्हायचीय."

त्याने निमूटपणे डोळे मिटले.

"हे दयाळू पित्या," बाईंनी सुरुवात केली, "मी त्या शाळेला हो कळवलंय, तुला माहीत आहेच. हे न विचारता केलं, त्याची मला क्षमा कर. सभेत बोलले त्याचीही कर. आता ह्या माणसाच्या एवढं लक्षात आणून दे, की शाळेने राहायला दिलेल्या घरात खोल्या तीन आहेत. मागची खोली मेणाच्या वासाला पुरेल एवढी आहे. आणि त्या शहरातही लोकांचे दात पडतात, मी चौकशी केलीय. हा येणार नसेल तर मीच..."

"आमेन," कवळीवाला म्हणाला.

"माझं अजून संपलेलं नाही," बाई म्हणाल्या, आणि नाक पुसून त्या टॉवेलाच्या विषयाकडे वळल्या.