फाटक कसं होतं

मोजणीबाई हे नाव त्यांना नोकरीने दिलं. तीस वर्षं लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या, आणि तेवढ्या वर्षांत कुणाच्या कपभर चहाच्याही मिंध्या झाल्या नाहीत. निवृत्त झाल्यावर एवढा ताठा ठेवायला घर पुरेना म्हणून ताई सायकलवर बसली, असं त्यांचा धाकटा भाऊ गिऱ्हाइकांना हसत हसत सांगायचा. खरं कारण त्यालाच सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. बाईंचा नवरा हायवेवर सायकल चालवताना ट्रकखाली गेला होता. त्यानंतर सात वर्षं बाईंनी हँडलला बोट लावलं नव्हतं. मागून मोटारीचा आवाज आला की चालतानासुद्धा त्या भिंतीला चिकटून उभ्या राहत.

भावाचं सायकलचं दुकान होतं. माणूस तसा धरसोडीचा. कधी सायकली भाड्याने देऊन पाहिल्या, कधी व्यायामाची यंत्रं विकून, आणि दरवेळी तोंडावर आपटला. पण बहिणीच्या बाबतीत हा गडी हट्टाला पेटला. जाड टायरची, रुंद हँडलची एक सायकल त्याने स्वतःच्या हाताने जोडली आणि म्हणाला, मोटार येऊच शकणार नाही असा रस्ता मी तुला शोधून देतो.

आणि दिला की. दोघांनी महिनाभर बाईंच्या जुन्या नकाशांवर डोकेफोड केली. जंगलखात्याने अडसर लावून बंद केलेला खडीचा रस्ता, तिथून ओढ्याच्या कडेची गाडीवाट, मग मक्याच्या आणि गव्हाच्या शेतांमधून जाणारा मुरमाचा पट्टा. बेचाळीस किलोमीटर, एक मोटार नाही. मध्ये दीड किलोमीटरचा तुकडा तेवढा एका गोठेवालीच्या कुरणातून जायचा. तो टाळायचा तर हायवेवर चढावं लागे, म्हणजे बाईंच्या लेखी तिथेच सगळं संपलं.

गोठेवाली कुणाला दारात उभं करणाऱ्यांतली नव्हती. तिने परवानगी दिली ती निव्वळ बाईंकडे बघून. तिच्या कुरणाची हद्द बाईंनीच मोजली होती, आणि शेजाऱ्याने नाना खटपटी करूनही टेप वीतभर सरकवला नव्हता. गोठेवालीची अट एकच. कुरणाचं फाटक जसं दिसेल तसं ठेवायचं. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. गुरं कुठे सोडायची ते तिचं ती बघेल, तिथे दुसऱ्याचं शहाणपण नको.

पहिल्या दिवशी भाऊ पुढे, बाई मागे. टायरखाली खडी चुरचुरत होती, त्याशिवाय कसला आवाज नव्हता. झाडी संपून शेतं लागली तेव्हा बाई मोठ्याने हसल्या आणि मग लगेच रडल्या. भावाने मागे वळून पाहिलं नाही. त्याला ऐकू आलं होतं, पण तेवढी अक्कल त्याला होती.

दोन वर्षं हे सुखाने चाललं. मग भावाच्या डोक्यात आलं की लोकांनाही न्यावं. बाईंच्या कपाळावर आठ्या चढल्या. चकचकीत कपडे घालून येणारी ही मंडळी त्यांना डोळ्यांसमोर नको होती. पण गोठेवालीने हो म्हटलं, अट तीच ठेवून. आणि नवल म्हणजे भावाचं हे काम चक्क जमलं. दर रविवारी वीस-बावीस माणसं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याच्याकडे आपण होऊन येत होते. तो झोपेतसुद्धा हसत असेल, असं त्याची बायको म्हणायची. बाई बरोबर जायच्या त्या सगळ्यांत शेवटी राहून. कुणी मागे पडलं, कुणाची सायकल बिघडली, तर बघायचं. शेपटाला राहणं म्हणतात त्याला.

त्या रविवारी ऊन असं की खडी तापून पांढरी पडली होती. मागच्या एका कारकुनाची चेन तुटली, ती जोडून त्याला पुढे पिटाळेपर्यंत बाई बऱ्याच मागे राहिल्या. कुरणाशी पोचल्या तर फाटक सताड उघडं.

आता खरं तर प्रश्न सोपा होता. फाटक आधी कसं होतं? पण शेपटाला राहणाऱ्याला ते कळायचं कसं? त्याच्या आधी बावीस जण तिथून गेलेले असतात. पुढे जाऊन भावाला विचारता आलं असतं, परत येता आलं असतं. बाईंनी विचारलं नाही. या लोकांना वळण म्हणून नाही, सताड उघडं टाकून गेले, असं पुटपुटत त्यांनी फाटक ओढलं, साखळी अडकवली आणि वर तारेचे दोन पीळ दिले. दुसऱ्याची चूक निस्तरली म्हणून त्यांना बरंसुद्धा वाटलं.

फाटक उघडं ठेवलं होतं गोठेवालीनेच. लेकीच्या बाळंतपणासाठी ती दोन दिवस शहरात गेली होती. गडी गोठ्यातल्या दुभत्या गुरांपाशी. लांबच्या कुरणात पाच गाभण गाई, आणि पाण्याचं टाकं फाटकापलीकडे. ती परतली तेव्हा एक गाय मेलेली होती आणि दुसरीने गाभ टाकला होता.

गोठेवाली तडक दुकानात आली आणि गिऱ्हाइकांदेखत भावाला म्हणाली, माझी गाय तुझ्या माणसांनी मारली. त्याने एकेकाला फोन केले. पुढच्या सगळ्यांनी एकच सांगितलं, उघडं होतं, उघडंच ठेवलं. कारकुनानेही तेच सांगितलं. मग तो बहिणीच्या घरी आला आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहिला.

"ताई, शेवटी तू होतीस. फाटक कसं होतं?"

बाई भांडी पुसत होत्या. त्यांना दिसत होता फक्त तो दीड किलोमीटर आणि त्याला लागून असलेला हायवे. लाज वाटली, नाही असं नाही, पण लाजेपेक्षा भीती मोठी निघाली.

"उघडं होतं," त्या म्हणाल्या. "मी हात नाही लावला."

भाऊ बरं म्हणाला आणि गेला. चहा ठेवला होता, तोही घेतला नाही.

आठवड्याने गोठेवालीचा निरोप आला. बाई पायीच गेल्या. सगळं कळलं असणार, आता तोंडावर ऐकावं लागणार, अशी मनाची तयारी करून. गोठेवालीने खुर्ची दिली. फाटकाला आता कुलूप लावल्याचं सांगितलं. मग म्हणाली, "तुमच्या भावाने कबूल केलं. मीच लावलं, सवयीने लावलं म्हणाला. इथे उभं राहून रडला हो."

भाऊ सगळ्यांच्या पुढे असायचा. त्याने फाटक लावलं असतं तर मागच्या बावीस जणांना ते बंद दिसलं असतं. म्हणजे स्वयंपाकघरातून निघाला तेव्हाच तो सगळं ओळखून होता.

"त्याची माणसं बंद, तोही बंद," गोठेवाली म्हणाली. "पण तुम्ही या. तुमचा काय दोष?" आणि तिने किल्ली बाईंच्या पुढ्यात ठेवली.

मी लावलं, एवढे दोनच शब्द होते. बाईंच्या ओठांपर्यंत आलेही. कुंपणापलीकडून एक ट्रक धडधडत गेला, आणि बाईंनी खुर्चीची कड घट्ट धरली.

"त्याला पुन्हा इथे पाहिलं ना, तर बघा."

"नाही येणार तो," बाई म्हणाल्या. "मी सांगते त्याला." आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

भावाने दुकानाबाहेरची रविवारची पाटी उतरवली. बायकोने कारण विचारलं तर म्हणाला, कंटाळा आला. लोक म्हणाले, याचं नेहमीचंच. बाईंच्या कानावर आलं, त्यांनी मान हलवली.

पुढच्या रविवारी बाईंनी बेचाळीसच्या बेचाळीस किलोमीटर पार केले. वाटेत कुणीसुद्धा भेटलं नाही.