राजाची उडी

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चानंतर कर्फ्यू लागला होता आणि गिरगावचा रस्ता भरदुपारी झोपल्यासारखा पडला होता. माझ्या नव्या नवरीने, नलूने, गॅलरीत बुद्धिबळाचा पट मांडला.

तिसऱ्याच खेळीला तिने वजिराने माझं प्यादं मारून शह दिला. मला हसू आलं. वजीर इतक्या लवकर काढणं हा आमच्या क्लबात पोरखेळ समजतात. मी उंट आड घातला, मग एकेक घोडा बाहेर काढत तिचा वजीर पटभर पळवला.

"पळवा," ती शांतपणे म्हणाली. "तुमच्या राजाची उडी तर गेली."

"कसली उडी?"

तिच्या आजोबांच्या देशी खेळात राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारता येई, पण पहिला शह बसायच्या आत.

"आमच्यात राजाला उडी नसते," मी तडकून म्हणालो.

"कधीच?"

तिने इतक्या कणवेने विचारलं, की मी खाली बघत राहिलो. पांढऱ्या उन्हात ट्रामचे रूळ पाण्यासारखे हलत होते.

मग तिच्या नियमाने पुन्हा डाव मांडला. पहिल्याच खेळीला माझा राजा प्याद्यांवरून उडाला.

"एवढी घाई कशाला?" नलू म्हणाली. "या वेळी मी शह देणार नव्हते."